बॉम्ब नको म्हणणारा गणिती

'के. एल. ट्रान्सफॉर्म' हे नाव काढलं की ई अँड टीसीच्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. इमेज प्रोसेसिंगच्या पेपरात तो हमखास येतो आणि आपण तो हमखास ऑप्शनला टाकतो. यातला 'के' म्हणजे कारहुनेन आणि 'एल' म्हणजे लोएव्ह. दोघेही बाहेरचे गणिती. पण मित्रांनो, त्या दोघांच्याही आधी, १९४३ साली, हीच कल्पना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने मांडली होती. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा तो लेख छापून आला, आणि जगाच्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षे गेली. त्या प्राध्यापकांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

माझे सगळे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले. न्यूटन, आईनस्टाईन, फॅरेडे यांच्यावर आम्ही इंग्रजीत पानंच्या पानं निबंध लिहिले. भारतीयांपैकी रामन आणि भाभा माहीत होते. कोसंबी हे नाव मात्र इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत कानावरून गेलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे इतिहासवाले त्यांना इतिहासकार म्हणतात, संस्कृतवाले संस्कृत पंडित म्हणतात, जेनेटिक्सवाले त्यांचं 'कोसंबी मॅपिंग फंक्शन' आजही वापरतात. मला मात्र त्यांच्या आयुष्यातल्या एका वेगळ्याच गोष्टीवर लिहायचं आहे. भारताने अण्वस्त्रांच्या वाटेला जाऊ नये असे हा माणूस उघडपणे म्हणत राहिला, आणि तेसुद्धा भारताच्या अणुकार्यक्रमाच्या पाळण्यात बसून!

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबे गावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा या एका ध्यासापायी ते घर सोडून निघाले आणि पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे फिरत फिरत पाली भाषेचे मोठे पंडित झाले. बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अमेरिकेत बोलावले. १९१८ मध्ये ते गेले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर होता. शाळा तिथेच झाली आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून तो अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाला. ठरवलं असतं तर तिथेच राहता आलं असतं. पण तो परत आला.

आधी बनारस, मग अलीगढ आणि १९३३ च्या सुमारास पुणे. फर्ग्युसनमध्ये बारा वर्षे त्यांनी गणित शिकवले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. नुसत्या गणितावर त्यांचे समाधान होत नसे. संख्याशास्त्र वापरायला काहीतरी खरीखुरी माहिती हवी म्हणून त्यांनी प्राचीन नाणी वजन करायला घेतली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणजे वजनावरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो. अशी हजारो नाणी त्यांनी बारीक तराजूवर तोलली. मग ती नाणी कोणी पाडली, हे जाणण्यासाठी इतिहास आला, इतिहासासाठी संस्कृत आले, आणि त्यातून भर्तृहरीच्या शतकांची संशोधित आवृत्ती तयार झाली. आपल्याकडे एका विषयात बॅकलॉग लागला तर रडू येतं. इथे एकच माणूस चार विषयांत जगाला नवीन काहीतरी देत होता.

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर सुरू केली आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून कोसंबींना बोलावले. संस्था मुंबईत, घर पुण्यात भांडारकर संस्थेजवळ. त्यामुळे कोसंबी डेक्कन क्वीनने ये-जा करू लागले. ही गाडी आजही आपल्या तळेगाव स्टेशनवरून न थांबता धडधडत जाते.

मावळाशी त्यांचे नाते फक्त खिडकीतून बघण्याइतके नव्हते. हातात काठी आणि पाठीला पिशवी लावून ते पुण्याभोवतीच्या टेकड्या, देहूचा परिसर, कार्ल्याची लेणी पायी पालथी घालत. अश्मयुगातल्या माणसांनी वापरलेली नखाएवढी दगडी हत्यारे त्यांनी या भागात गोळा केली. लेण्यांत गेल्यावर आपण सेल्फी काढतो, कोसंबी शिलालेख वाचत. हे लेणे कोरायला पैसे कोणी दिले, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावातल्या दात्यांची नावे आहेत, त्यात यवनही आहेत. तळेगावजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यातल्या शिलालेखात त्याच धेनुकाकटच्या एका नांगरधारी कुणब्याच्या बायकोने दान दिल्याची नोंद आहे. आंबीतून शेलारवाडी किती लांब? दुचाकीवर अर्धा तास धरा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कुणबिणीने दगडात नाव कोरून ठेवलंय आणि आपण तिच्या शेजारी चार वर्षे राहून डिग्री घेऊन निघून जातो!

हे विषयांतर नाही. खर्च कोणी केला, कष्ट कोणी उपसले आणि फायदा कोणाला झाला, हे तीन प्रश्न कोसंबींनी लेण्यांना विचारले, नाण्यांना विचारले आणि शेवटी अणूलाही विचारले. म्हणून आधी त्यांची ही सवय सांगितली.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले. १९४९ मध्ये रशियाने चाचणी केली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला आणि त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ माणसे होती. ती कोणाशीही युद्ध करत नव्हती, मासे पकडत होती. पुढच्याच महिन्यात पंडित नेहरूंनी लोकसभेत सर्व देशांनी अणुचाचण्या थांबवाव्यात अशी मागणी केली. अशी मागणी जाहीरपणे करणारा भारत हा पहिल्या देशांपैकी एक. त्या काळात भारताची भूमिका स्वच्छ होती. आम्ही अणुशक्ती वापरू, पण शांततेसाठी. बॉम्ब बनवणार नाही. १९५७ मध्ये तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्राचे उद्घाटन करताना नेहरूंनी हे वचन पुन्हा दिले.

कोसंबी तेव्हा जागतिक शांतता परिषदेचे सदस्य होते. त्या कामासाठी ते बीजिंग, हेलसिंकी, मॉस्को इथे जाऊन आले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या चळवळीचा कल रशियाकडे होता आणि अमेरिकेच्या बॉम्बवर जेवढी टीका व्हायची तेवढी रशियाच्या बॉम्बवर होत नसे. कोसंबी स्वतः मार्क्सवादी होते. त्यामुळे त्यांच्यावर एकतर्फी असल्याचा आरोप झाला आणि तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. पण त्यांनी भारताबद्दल जे मांडले ते वाचताना मला कुठला झेंडा दिसला नाही, हिशोब दिसला.

तो हिशोब असा. १९५७ मध्ये त्यांनी सूर्य की अणू असा प्रश्न विचारणारा एक निबंध लिहिला, आणि १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये भारतासाठी अणुऊर्जा या विषयावर भाषण दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात एवढेच की गरीब देशाने पैसा कशावर लावायचा ते तपासून घ्यावे. अणुभट्टी महाग, तंत्रज्ञान बाहेरचे, आणि किरणोत्सारी कचऱ्याचे काय करायचे हा प्रश्न शिल्लकच. याउलट ऊन फुकट आहे, वर्षातले बरेच महिने आहे आणि मुख्य म्हणजे ते खेड्यात जिथे लागते तिथेच पडते. मोठमोठ्या वाहिन्या टाकून ते न्यावे लागत नाही. म्हणून संशोधनाचा जोर सौरऊर्जेवर द्यावा, आणि ते संशोधन पेपर छापण्यासाठी नको, वापरण्यासाठी हवे.

हे ते कधी म्हणत होते ते बघा. सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९५४ साली तयार झाला आणि त्याची कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के होती. १९५८ मध्ये तो उपग्रहावर बसला, कारण एवढी महाग वस्तू दुसरीकडे परवडतच नव्हती. त्या काळात सूर्यावर भिस्त ठेवा असं म्हणणाऱ्या माणसाला लोक काय म्हणाले असतील, याची आपण कल्पना करू शकतो. आज आपल्या एमआयडीसीतल्या शेडच्या पत्र्यांवर पॅनल दिसतात. २०२५ च्या सुरुवातीला भारताची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली, तर त्याच वर्षी अणुवीज केंद्रांची क्षमता ९ गिगावॅटच्या आत होती. अर्थात इंजिनीअर म्हणून हेही सांगायला पाहिजे की क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. अणुभट्टी रात्रंदिवस चालते, पॅनल रात्री झोपतं. वर्षाचा हिशोब काढला तर सौर प्रकल्प क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच सरासरी वीज देतो. तरीसुद्धा कोसंबींनी दाखवलेली दिशा चुकीची नव्हती, एवढं तरी मान्य करावं लागेल.

आता कोणी विचारेल, यात बॉम्बचा काय संबंध? वीज वेगळी, बॉम्ब वेगळा. इथेच आपलं इंजिनीअरिंग कामाला येतं. नैसर्गिक युरेनियममध्ये ९९ टक्क्यांहून जास्त युरेनियम-२३८ असते. अणुभट्टीत त्याच्या केंद्रकाने एक न्यूट्रॉन गिळला की दोन पायऱ्यांनंतर त्याचे प्लुटोनियम-२३९ होते. नागासाकीवर पडला तो प्लुटोनियमचाच बॉम्ब. म्हणजे अणुभट्टी चालू केली की प्लुटोनियम आपोआप तयार होत राहते. ते वापरलेल्या इंधनातून वेगळे काढले की बॉम्बचा कच्चा माल हातात येतो. मग बॉम्ब न बनवण्याचे वचन कशावर टिकते? फक्त मनावर.

भारतात हे कसं घडत गेलं ते क्रमाने पाहू. १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, संशोधनासाठी. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने सायरस सुरू झाली, तिला जड पाणी अमेरिकेने दिले. अट अशी की वापर फक्त शांततेसाठी. १९६४ मध्ये प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना तुर्भ्याला तयार झाला. त्याच वर्षी मे महिन्यात नेहरू गेले आणि १६ ऑक्टोबरला चीनने अणुस्फोट केला. दोन वर्षांपूर्वीचा पराभव लोकांच्या मनात ताजा होता. आठवड्याभरात भाभांनी आकाशवाणीवर भाषण केले. त्यात त्यांनी नि:शस्त्रीकरणाची बाजू मांडली, पण पन्नास अणुबॉम्बचा साठा दहा कोटी रुपयांच्या आत होईल असा आकडाही दिला. हा आकडा अमेरिकेने शांततामय स्फोटांसाठी जाहीर केलेल्या दरांवर बेतलेला होता. त्यात अणुभट्टी, कारखाना, बॉम्ब वाहून नेणारी विमाने, काहीच धरलेले नव्हते. पण स्वस्त बॉम्ब ही कल्पना लोकांच्या डोक्यात बसली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पक्षातल्या बॉम्बवाल्यांना थोपवले, मात्र शांततामय स्फोटाच्या अभ्यासाला परवानगी दिली. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला, तो सायरसमधल्याच प्लुटोनियमचा, आणि त्याला नाव शांततामय असंच होतं. कॅनडाने मदत थांबवली. मे १९९८ मध्ये पुन्हा पाच स्फोट झाले आणि भारताने आपण अण्वस्त्रधारी असल्याचे जाहीर केले. आपण बॉम्ब आधी वापरणार नाही, हे धोरणही त्यानंतर आले.

या यादीत वचन नेमकं कोणत्या दिवशी मोडलं, सांगता येईल? मला तरी बोट ठेवता आलं नाही. प्रत्येक पायरी त्या त्या वेळी शहाणपणाची वाटत होती. कोसंबींचं मोठेपण मला इथे दिसतं. बॉम्ब समोर आल्यावर नको म्हणणारे पुष्कळ असतात. हा माणूस पहिल्याच पायरीवर, बजेट मंजूर होताना, प्रश्न विचारत होता. ड्रॉइंगवर चूक सापडली तर खोडरबराने निघते, कास्टिंग झाल्यावर सापडली तर सगळा जॉब स्क्रॅप, हे वर्कशॉपमध्ये आपल्याला पहिल्या वर्षीच शिकवतात. देशाच्या बाबतीतही तसंच असावं.

याची किंमत त्यांना चुकवावी लागली. टीआयएफआर अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चालत होती आणि भाभा त्या खात्याचे प्रमुख होते. अणूविरुद्धची मते हे एकच कारण नव्हते. कोसंबींचा स्वभाव फटकळ, त्यांचा वेळ इतिहासात जास्त जातो अशी तक्रार, आणि गणितातल्या एका अतिशय अवघड प्रश्नाची सिद्धता म्हणून १९५९ मध्ये त्यांनी छापलेला लेख जाणकारांना पटला नाही, त्यामुळे त्यांच्या नावालाही धक्का बसला होता. ज्या भाभांनी सन्मानाने बोलावले त्यांच्याशीच संबंध तुटत गेले. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. वय ५४. सोळा वर्षांची नोकरी संपली.

ते गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांचे लोकदेवतांवरचे, मावळातल्या वाटांवरचे पुस्तक आले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे पुस्तक आले, जे आजही इतिहासाचे विद्यार्थी वाचतात. १९६४ मध्ये त्यांनी सौरऊर्जेवर पुन्हा लिहिले. तब्येत साथ देत नव्हती. २९ जून १९६६ ला पुण्यातल्या घरी झोपेतच ते गेले, ५९ पूर्ण व्हायला एक महिना बाकी असताना. त्याच वर्षी ११ जानेवारीला शास्त्रीजी गेले होते आणि २४ जानेवारीला विमान अपघातात भाभा. भारताच्या अणुवादातले तीन महत्त्वाचे आवाज सहा महिन्यांत थांबले. २००८ मध्ये सरकारने कोसंबींचे टपाल तिकीट काढले.

हा लेख लिहिताना माझी रूममेट माझ्याशी कडाडून भांडली. ती देहूरोडच्या कॅन्टोन्मेंटमध्ये वाढली आहे. तिचं म्हणणं, शेजाऱ्यांकडे दोन्ही बाजूंनी बॉम्ब असताना आपण हात जोडून बसायचं का? १९६२ नंतर असं बोलणं सोपं होतं का? तिचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. सीमेवर ज्यांची माणसं असतात त्यांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. मी तिला एवढंच म्हटलं की शेजाऱ्यांनीही बॉम्ब बनवताना त्यांच्या शेजाऱ्यांकडेच बोट दाखवलं होतं. १९९८ च्या मे महिन्यात आपल्या चाचण्यांनंतर तीनच आठवड्यांच्या आत पाकिस्तानने चाचण्या केल्या. मग आपण जास्त सुरक्षित झालो का, हा हिशोब कोणी मांडायचा? तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा संयुक्त राष्ट्रांचा करार २०२१ मध्ये लागू झाला. भारत त्यात नाही, अण्वस्त्रे असलेला दुसरा कुठलाही देशही नाही.

आणि हा प्रश्न माझ्यासाठी फक्त लेखापुरता नाही. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांचं स्वप्न तुर्भ्याची अणुसंशोधन संस्था हे आहे. माझंही आहे. गेटची तयारी चालू आहे, घरच्यांनी आत्तापासून शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय. तिथे कॅन्सरवरच्या उपचारांसाठी लागणारे किरणोत्सारी पदार्थ तयार होतात, शेतीसाठी बियाणांचे नवे वाण तयार होतात. ते काम करायला मला मनापासून आवडेल. कोसंबी वाचल्यावर ते स्वप्न मी सोडून दिलेलं नाही. त्यांनी तरी कुठे सोडलं होतं? सोळा वर्षे ते त्याच घरात राहून प्रश्न विचारत होते. फक्त आता फॉर्म भरताना मला माहीत आहे की देशाचं वचन संसदेत दिलं जातं, पण ते पाळायचं की नाही हे टेबलाशी बसलेल्या, ड्रॉइंगवर सही करणाऱ्या माणसांच्या हातातही असतं. उद्या ती माणसं आपण असू.

तेव्हा मित्रांनो, सबमिशन संपलं की एखाद्या रविवारी कार्ल्याला किंवा शेलारवाडीला जाऊन या. पायऱ्या चढून गेलात की आधी फोटो काढा, हरकत नाही. मग खांबांवरची आणि भिंतींवरची अक्षरं शोधा आणि कोसंबींचा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. हे कोणी केलं, कोणाच्या पैशाने, आणि कोणासाठी? सवय लागली की तोच प्रश्न आपण आपल्या प्रोजेक्टलाही विचारायला लागतो.